शेवटच्या खुर्चीपर्यंत

मोठ्या हॉलसाठी होम थिएटर घेताना आधी काय मोजायचं आणि मग काय विकत घ्यायचं

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सचं गिऱ्हाईक त्याला आजही जुन्याच नावानं ओळखतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथल्या ऑडिओच्या दुकानांत उभं राहिलं तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : “किती वॅटचा आहे?” बरीच वर्षं या धंद्यात मुरलेले एक दुकानदार मला म्हणाले, “गिऱ्हाईक वॅट विचारतं. खोली केवढी आहे, हे कुणी आपणहून सांगत नाही. ते मलाच विचारावं लागतं.”

फ्लॅटमधल्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये हे चालून जातं. भिंती जवळ, माणसं जवळ. बऱ्यापैकी कुठलाही संच तिथं भरून वाजतो. पण गावाकडचा नवा बंगला, रो-हाउसचा वरचा मजला, शेतघराचा मोठा हॉल, जिथं सणावाराला दहा-बारा माणसं एकत्र बसून सिनेमा बघतात, तिथं हिशोब मुळापासून बदलतो. पुढच्या सोफ्यावर कान बधिर होतात आणि मागच्या खुर्चीवर संवाद कळत नाहीत. मग आवाज वाढवला जातो, आणि संवाद आणखीच हरवतात.

माइक नव्हते त्या काळात मराठी रंगभूमीवर नटाची परीक्षा शेवटच्या रांगेत व्हायची. शब्द तिथवर पोचला तर तो पोचला. मोठ्या हॉलमधल्या होम थिएटरचीही तीच परीक्षा घ्यायला हवी, आणि खरेदीचा सगळा क्रम त्या शेवटच्या खुर्चीपासून उलटा लावायला हवा : आधी खोली, मग स्पीकर, मग सबवूफर आणि सगळ्यात शेवटी रिसीव्हर. आपल्याकडे बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

एक टाळी वाजवून बघा

नाशिकजवळच्या एका द्राक्षबागायतदारांच्या घरी पुण्याहून आलेल्या इन्स्टॉलरबरोबर मी गेलो होतो. हॉल ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काचेचे सरकते दरवाजे, बाकी गुळगुळीत पुट्टी मारलेल्या भिंती. शहरातल्या फ्लॅटमध्ये छान वाजणारा पाच स्पीकरांचा संच त्यांनी इथं आणून लावला होता. घरातल्या आजींची तक्रार एवढीच होती की, “गाणी ऐकू येतात, बोलणं कळत नाही.”

इन्स्टॉलरनं पेटी उघडण्याआधी हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी संपली तरी तिचा आवाज भिंतींवरून फिरत राहिला. “आजी, तुमच्या कानात काही दोष नाही,” तो म्हणाला. “एक शब्द विरायच्या आत दुसरा येतोय.”

या गोष्टीचं शास्त्र सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत घडलं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक काम आलं. फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं समजत नव्हतं, ते का, हे शोधायचं होतं. सॅबाइननं ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच घेतलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या हॉलमध्ये मांडायच्या, नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. रिकाम्या हॉलमध्ये तो वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. गाद्या वाढतील तसा तो घटत गेला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे : आवाज विरण्याचा वेळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. त्याच सूत्राच्या आधारानं १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला.

नाशिकच्या हॉलला हे सूत्र लावून पाहू. घनफळ ६,००० घनफूट. जमीन, छत आणि चारही भिंती मिळून पृष्ठभाग २,२०० चौरस फूट. टाइल, काच, पुट्टी हे पृष्ठभाग बोलण्याच्या पट्टीतला जेमतेम दोन टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर हॉल पूर्ण रिकामा असताना आवाज विरायला साडेसहा सेकंदांहून जास्त वेळ लागेल. सोफे आणि माणसं आली की तो बराच खाली येतो, पण सिनेमासाठी हवा असतो अर्ध्या सेकंदाच्या आसपास. तेवढा हवा असेल तर सुमारे ५९० चौरस फूट पूर्ण शोषक पृष्ठभाग लागेल. म्हणजे जवळजवळ त्या हॉलच्या जमिनीएवढा.

आकडा घाबरवणारा असला तरी तो गाठण्याचे मार्ग घरातलेच आहेत. काचेवर दाट चुण्यांचे जाड पडदे, स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर जाड गालिचा, कापडी सोफे, मागच्या भिंतीला पुस्तकांची उघडी कपाटं. उरलेलं काम रॉकवूल किंवा ग्लासवूल भरून कापड ताणलेल्या दोन ते चार इंच जाडीच्या चौकटी करतात. त्या गावातला सुतारही बनवून देतो. कुठं लावायच्या? आपण सोफ्यावर बसायचं आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगायचं. आरशात स्पीकर दिसला, ती जागा. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावून भागत नाही. त्यानं वरच्या पट्टीतली थोडी चमक कमी होते, खालचा घुमारा तसाच राहतो.

अंतर आणि वॅट

आता वॅटकडे वळू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं घटतो. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली तर मात्र तो फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे ८० वॅटचा रिसीव्हर सोडून १०० वॅटचा घेतला, तर कानाला पडणारा फरक एक डेसिबलचा. तो बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही.

लक्षात येणारा आकडा स्पीकरच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात असतो : सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. घरगुती स्पीकरांत तो साधारण ८५ ते ९० असतो. हॉर्न असलेल्या मोठ्या स्पीकरांत ९५ च्या पुढेही जातो.

नाशिकच्या हॉलमध्ये मुख्य सोफा स्पीकरपासून ४ मीटरवर होता, शेवटची खुर्ची ८ मीटरवर. सिनेमाच्या मिक्सिंग स्टुडिओत ठरलेली पातळी अशी असते की, पुढच्या प्रत्येक स्पीकरचा सर्वांत मोठा क्षण १०५ डेसिबलपर्यंत जातो. घरात त्याहून १० डेसिबल कमीच ठेवू, म्हणजे ९५. स्पीकर ८६ सेन्सिटिव्हिटीचा असेल तर ४ मीटरवर त्या क्षणासाठी सुमारे १२५ वॅट लागतात, आणि शेवटच्या खुर्चीवर तोच आवाज पोचवायचा तर ५००. तिथंच ९६ सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर असेल तर सोफ्यासाठी साडेबारा वॅट पुरतात आणि शेवटच्या खुर्चीसाठी ५०. बंद खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात, त्यामुळे प्रत्यक्षात सगळेच आकडे खाली येतात. पण दोन स्पीकरांमधला दहापटीचा फरक तसाच राहतो. रिसीव्हरवर कितीही पैसे ओतले तरी तो भरून निघत नाही.

सिनेमागृहांत पडद्यामागे हॉर्नचे स्पीकर असतात, ते याचसाठी. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेतल्या होप या छोट्या गावात घरासाठी हॉर्नचा स्पीकर बनवायला सुरुवात केली, तेव्हा अँप्लिफायरची ताकदच तुटपुंजी होती आणि प्रत्येक वॅटचं चीज करणं भाग होतं. हॉर्नचा आणखी एक फायदा मोठ्या हॉलमध्ये जाणवतो : तो आवाज छताकडे आणि बाजूच्या भिंतींकडे कमी उधळतो, माणसांकडे जास्त पाठवतो.

पण नुसती सेन्सिटिव्हिटी बघूनही स्पीकर घेऊ नये. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. ज्या स्पीकरचा आवाज समोरून सपाट आणि बाजूनंही सारखाच येतो, त्याला लोक पसंती देतात, असं त्यातून दिसलं. मोठ्या हॉलमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण निम्मी माणसं स्पीकरच्या समोर नसतातच. ती बाजूला बसलेली असतात. म्हणून दुकानात ऐकताना मधल्या खुर्चीवरून उठावं आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहावं. तिथं आवाजाचा पोत बदलला, तर तो स्पीकर मोठ्या कुटुंबाचा नव्हे.

मधला स्पीकर

संचातला सर्वांत महत्त्वाचा स्पीकर कोणता, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : मधला. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद त्यातून येतात. तरीही खरेदीत तोच सर्वांत लहान निवडला जातो, टीव्हीखालच्या कपाटात ढकलला जातो आणि त्याच्यापुढे फुलदाणी ठेवली जाते.

मराठी घरासाठी त्याचं मोल आणखी एका कारणानं मोठं आहे. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले हे प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे. त्या काळातले आणि नंतरच्या अनेक दशकांतले आपले चित्रपट एकाच ध्वनिपट्टीचे, मोनो आहेत. १९७५ च्या ‘शोले’नं ७० मिलिमीटरच्या पडद्याबरोबर आपल्याकडे स्टिरिओ ध्वनी गाजवला, पण तो अपवाद होता. असा मोनो चित्रपट रिसीव्हरमधल्या डॉल्बी सराउंड या मोडवर लावला की दोन्ही बाजूंचा सारखा आवाज मधल्या स्पीकरकडे वळतो. म्हणजे जुना मराठी सिनेमा जवळजवळ पूर्णपणे त्या एका स्पीकरवर जगतो. तोच चित्रपट नुसत्या स्टिरिओवर लावला, तर डावीकडे बसलेल्याला सगळी पात्रं डाव्या स्पीकरमधून बोलल्यासारखी वाटतात.

म्हणून मधला स्पीकर डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतला आणि परवडेल तेवढा मोठा घ्यावा. आडव्या ठेवायच्या स्पीकरांत दोन वूफर आणि मध्ये फक्त एक ट्वीटर अशी रचना असेल, तर बाजूला बसणाऱ्यांना बोलण्याच्या पट्टीत खड्डा पडतो. ट्वीटरच्या खाली वेगळा मिडरेंज ड्रायव्हर असलेला थ्री-वे स्पीकर रुंद बैठकीला चांगला. तो कपाटाच्या कडेपर्यंत पुढे ओढावा आणि किंचित वर, कानांकडे झुकवावा. प्रोजेक्टर असेल तर आवाज पार होणारा सच्छिद्र पडदा लावून मागे तिन्ही स्पीकर सारखे, उभे ठेवता येतात. मोठ्या हॉलसाठी याहून चांगली मांडणी नाही.

घुमाऱ्याची गणितं

नाशिकच्या हॉलचा आकार कागदावर सुबक दिसतो : ३०, २०, १०. आवाजाच्या दृष्टीनं मात्र तो अडचणीचा आहे. प्रत्येक खोलीत लांबी, रुंदी आणि उंचीनुसार काही ठरावीक स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतात. ३० फुटांवर पहिला असा स्वर येतो सुमारे १९ हर्ट्झवर, २० फुटांवर २८ वर, १० फुटांवर ५६ वर. पण ५६ हा पहिल्याची तिप्पट आणि दुसऱ्याची दुप्पटही आहे. म्हणजे तिन्ही दिशांचे फुगवटे त्या हॉलमध्ये एकाच जागी येऊन बसतात. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. ती छेडली गेली की हॉलच्या एका कोपऱ्यात छाती दणाणते आणि चार पावलांवर तोच स्वर गायब होतो.

यावरचा उपाय एक मोठा सबवूफर कोपऱ्यात ढकलण्याचा नाही. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी सबवूफर कुठं आणि किती ठेवावेत याचा पद्धतशीर अभ्यास केला, त्याचं सार घरात सहज वापरता येतं : समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तर वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा फरक बराच कमी होतो. चारही भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर आणखी चांगलं. एका खुर्चीसाठी एक सबवूफर पुरेल. दहा माणसांच्या हॉलला दोन ही सुरुवात आहे.

आकाराचंही बघावं लागतं. स्वर एक सप्तक खाली नेऊन आवाज तेवढाच ठेवायचा असेल तर चारपट हवा हलवावी लागते. ६,००० घनफुटांच्या हॉलमध्ये ८ इंची सबवूफर म्हणूनच हतबल होतो. १२ इंचाच्या तुलनेत १५ इंची शंकूचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त असतं. अशा हॉलसाठी पोर्ट असलेले १२ किंवा १५ इंची दोन सबवूफर हा माझा सल्ला. सगळे स्पीकर रिसीव्हरच्या मेनूत ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर ठेवावा. मग खालचं ओझं सबवूफर उचलतात आणि बाकीचे स्पीकर मोकळेपणानं बोलतात.

छताचा विचार

डॉल्बी अॅटमॉस २०१२ साली सिनेमागृहांत आला आणि २०१४ पासून घरगुती रिसीव्हरमध्ये. पाऊस खरंच वरून पडल्यासारखा वाटावा, हे त्याचं वैशिष्ट्य. त्यासाठी छतात दोन किंवा चार स्पीकर लागतात. छताकडे तोंड करून आवाज परतवणारे स्पीकर मिळतात, पण त्यांना सपाट, कडक आणि फार उंच नसलेलं छत हवं. कोकणातल्या उतरत्या कौलारू छपराखाली किंवा दुमजली उंचीच्या हॉलमध्ये ते कामाचे नाहीत. जिथं पैशांची ओढाताण आहे, तिथं छत पुढच्या वर्षावर ढकलावं. मधला स्पीकर आणि दुसरा सबवूफर यांत काटछाट करून छतात स्पीकर बसवू नयेत.

आता रिसीव्हर

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजारो वॅटचे ‘पीएमपीओ’ स्टिकर असायचे. ते गेले, पण आकड्यांचा मोह गेलेला नाही. रिसीव्हरच्या खोक्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा एकाच चॅनेलवर, एकाच स्वरावर आणि जास्त विकृती सोसून मोजलेला असतो. बघायचा आकडा हा : ८ ओम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल चालू. उदाहरणार्थ डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३८००एच या मॉडेलचा असा आकडा १०५ वॅट आहे. सगळे चॅनेल एकदम राबवले तर बहुतेक रिसीव्हर प्रत्येकाला तेवढं देत नाहीत. सिनेमात सगळे चॅनेल एकाच क्षणी शिगेला क्वचितच जातात, म्हणून ते निभावतं.

मोठ्या हॉलसाठी रिसीव्हर निवडताना मी वॅटच्या आधी तीन गोष्टी बघेन. पहिली, प्री-आउट. ते असतील तर पुढच्या तीन स्पीकरना पुढेमागे वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडता येतो आणि रिसीव्हर बदलावा लागत नाही. दुसरी, दोन किंवा चार सबवूफरची पातळी आणि अंतर वेगवेगळं लावता येणं. वर सांगितलेल्या डेनॉनमध्ये चार सबवूफरची अशी सोय आहे. तिसरी, माइक लावून खोली मोजणारी यंत्रणा : ऑडिसी, डिरॅक, यामाहाची वायपीएओ. ही यंत्रणा घुमाऱ्यातले फुगवटे छान दाबते. पण आवाज विरायला लागणारा वेळ ती कमी करू शकत नाही, आणि एखाद्या जागी पूर्ण गायब झालेला स्वर परत आणू शकत नाही. ती कामं पडद्यांची, चौकटींची आणि सबवूफरच्या जागेची.

वीज, हवा आणि शेजार

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून स्वस्तात रिसीव्हर आणवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो थेट लावला की खेळ संपला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण वॉरंटी इथं सहसा लागू होत नाही. गावाकडे वीज वरखाली होते, तिथं चांगला स्टॅबिलायझर आणि पक्कं अर्थिंग ही चैन नाही. रिसीव्हर तापतो; त्याला काचेच्या बंद कपाटात कोंडू नये.

कोकणात आणि गोव्यात दमट हवेचा विचार आधी करावा. वूफरच्या कडेला फोमची किनार असेल तर काही वर्षांत ती भुसा होऊन गळते. रबराची किनार टिकते. लांबच्या स्पीकरला शुद्ध तांब्याची १४ गेजची तार घ्यावी. स्वस्त तार पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. मागच्या भिंतीकडे जाणारी तार पाइपातूनच न्यावी, नाहीतर उंदीर हिशोब चुकता करतात.

आणि शेजाऱ्यांचा हक्क. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. खालचे स्वर भिंतीतून सहज पार होतात. रात्री रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ लावला की स्फोट दबतात आणि संवाद वर येतात.

पैसे कसे वाटावेत

टीव्ही किंवा प्रोजेक्टर सोडून दहा रुपये असतील, तर माझी वाटणी अशी : दीड रुपया खोलीवर, चार स्पीकरवर, त्यातला मोठा वाटा मधल्यावर, अडीच सबवूफरवर आणि दोन रिसीव्हरवर. रिसीव्हर दर काही वर्षांनी जुना होतो, कारण एचडीएमआयची आणि ध्वनीची नवी रूपं येत राहतात. चांगला स्पीकर वीस वर्षं साथ देतो. दुकानात जाताना खोलीची मापं, सोफ्याचं आणि शेवटच्या खुर्चीचं अंतर कागदावर न्यावं, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्यावं. हळू आवाजातला, कुजबुजता प्रसंग असलेला मराठी चित्रपट लावायला सांगावा. स्फोट कुठलाही संच वाजवतो. त्या माणसाला प्रत्येक शब्द कळला का, एवढंच विचारावं.

ज्यांचं घर अजून कागदावर आहे, त्यांच्या हातात तर सगळंच आहे. लांबी, रुंदी, उंची एकमेकींच्या पटीत ठेवू नका. नाशिकचा तो हॉल २९ बाय १८ आणि ११ फूट उंच असता, तर ५६ हर्ट्झवर साचलेले तिन्ही फुगवटे ५१, ५८ आणि ६३ वर विखुरले असते, आणि त्यासाठी विटाही जवळजवळ तेवढ्याच लागल्या असत्या. नकाशात देवघर आणि ओटा कुठं येणार हे पहिल्या दिवशी ठरतं. स्पीकरच्या जागा, सबवूफरचे प्लग आणि छतातले पाइप त्याच दिवशी, त्याच कागदावर मांडून घ्या. प्लास्टरच्या आधी टाकलेल्या पाइपाला किरकोळ खर्च येतो. पीओपी झाल्यावर तेच काम घर फोडून करावं लागतं. आर्किटेक्टला हे सांगायला संकोच वाटू देऊ नका. हॉल सगळ्यांनी एकत्र बसण्यासाठी बांधत असाल, तर तिथं बसलेल्या प्रत्येकाला नीट ऐकू येणं ही बांधकामाचीच बाब आहे.